खेळाडू सोडायचे कुणी आणि कधी? राष्ट्रीय प्रशिक्षक विरुद्ध आयएसएल : पार्श्वभूमी

भारताच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक बदलतो, तक्रार बदलत नाही. क्लब खेळाडू वेळेवर सोडत नाहीत आणि कॅम्पला दिवस पुरत नाहीत. क्लबांचंही म्हणणं ठरलेलं असतं : पगार आम्ही द्यायचा, दुखापत होऊन परत आला की उपचारही आम्हीच करायचे, आणि हंगामाची सुरुवात त्याच्याविना करायची.

हे दुखणं आयएसएलच्या, म्हणजे क्लबांच्या इंडियन सुपर लीगच्या, आधीपासूनचं आहे. १९८२च्या दिल्ली एशियाडच्या तयारीतही कोलकात्याच्या क्लबांचे खेळाडू राष्ट्रीय कॅम्प सोडून निघून गेले होते. २०११च्या आशिया चषकाआधी उलटा प्रयोग झाला. तेव्हाच्या इंग्लिश प्रशिक्षकाने संघ कित्येक महिने एकत्र ठेवला. दोहात तीन सामन्यांत भारतावर १३ गोल बसले, भारताचे तीन झाले. लांब कॅम्पच्या विरोधात बोलायचं असलं की क्लबवाले अजून हा आकडा काढतात. समोर ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण कोरिया होते, हे मात्र सांगत नाहीत.

२०१० साली भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यावसायिक हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना खासगी भागीदाराला दिले. त्यातून २०१४ मध्ये आयएसएल आली. सुरुवातीला ती दोन-अडीच महिन्यांची स्पर्धा होती, त्यामुळे कुणाच्या वाटेत येत नव्हती. २०१७-१८पासून ती लांबली, २०१९ मध्ये देशाची पहिल्या दर्जाची लीग झाली. त्याच वर्षी मे महिन्यात क्रोएशियन प्रशिक्षक आले आणि खरी ठिणगी पडली.

इथे ‘विंडो’ या शब्दापाशी थांबायला हवं, कारण निम्मं भांडण त्यातच आहे. फिफाच्या कॅलेंडरात आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखून ठेवलेले दिवस म्हणजे विंडो. त्या दिवसांत राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं की क्लबला नाही म्हणता येत नाही. आशिया चषकासारख्या खंडीय स्पर्धेसाठीही खेळाडू सोडावाच लागतो. एशियाडचं तसं नाही, ते फिफाच्या कॅलेंडरात बसत नाही. विंडो उघडण्याआधीचा तयारीचा कॅम्प तर क्लबवर कुठल्याच नियमाने बंधनकारक नाही. आपल्याकडे मात्र या सगळ्याला सरसकट ‘नॅशनल ड्यूटी’ म्हणतात. मग नियमाने नकार देणारा क्लबही देशद्रोही ठरतो, आणि नियमात नसलेले दिवस मागणारा प्रशिक्षक ते हक्काचेच आहेत असं धरून चालतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये हे सगळं हांगझोऊ एशियाडच्या निमित्ताने उघड्यावर आलं. आधी क्रीडा मंत्रालयाच्या निकषात संघ बसत नव्हता. आशियात पहिल्या आठांत असाल तरच जा, असा तो निकष. प्रशिक्षकांनी थेट पंतप्रधानांना जाहीर पत्र लिहिलं आणि निकष शिथिल झाला. पण फुटबॉल सुरू होणार १९ सप्टेंबरला आणि आयएसएल २१ला. पहिल्या यादीतली बहुतेक नावं गळाली. कोण येतंय, कोण नाही, हे शेवटच्या आठवड्यापर्यंत ठरत होतं. मुख्यतः तरुणांच्या या स्पर्धेला ३९ वर्षांचा कर्णधार गेला, म्हणून थोडी तरी लाज राहिली.

संघ चीनमध्ये उतरला तो पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी. समोर यजमान. गोलरक्षकाने पेनल्टी अडवली, मध्यंतराच्या तोंडावर बरोबरीचा गोल झाला, १-१. दुसऱ्या अर्धात पाय उचलेनात आणि निकाल लागला ५-१. पुढे हाच संघ बांगलादेशला हरवून आणि म्यानमारशी बरोबरी साधून बाद फेरीत गेला, तिथे सौदी अरेबियाकडून हरला. मधल्या मोजक्या दिवसांच्या सरावाची किंमत यातून कळते.

क्लब नियमाने बरोबर होते, यात वाद नाही. पण एशियाडच्या तारखा माहीत असताना लीगची सुरुवात दोन दिवसांच्या अंतरावर ठेवणं हा योगायोग म्हणायचा? कॅलेंडरवर शिक्कामोर्तब करणाऱ्या महासंघाला कुणी फारसं विचारलं नाही.

जानेवारी २०२४च्या आशिया चषकाआधी प्रशिक्षकांनी चार आठवडे मागितले, मिळाले जेमतेम दोन. तीन सामने, तीन पराभव, गोल शून्य. गोलांच्या दुष्काळाचं खापरही लीगवर फुटलं, आणि त्यात तथ्य आहे. २०२४-२५पर्यंतच्या ११ हंगामांत आयएसएलचा गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा पुरस्कार, एकाही भारतीयाला मिळालेला नाही. क्लब नऊ नंबरला, म्हणजे गोल करायच्या मुख्य जागी, परदेशी खेळाडू उभा करतात. खुद्द भारताच्या कर्णधारालाही क्लबकडून कित्येकदा डाव्या बाजूने खेळावं लागलं. पण मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ हरल्यावर ही कारणं कुणी ऐकून घेईना. जूनमध्ये प्रशिक्षकांना काढण्यात आलं.

त्यानंतर महासंघाने भांडणाचं मूळच काढायचं ठरवलं : राष्ट्रीय प्रशिक्षक आणि क्लबचा प्रशिक्षक एकच माणूस! गोव्याच्या संघाचे स्पॅनिश प्रशिक्षक २०२४-२५च्या हंगामात दोन्ही गाडे हाकत होते. गोव्याला त्यांनी सुपर कप जिंकून दिला. भारताला आठ सामन्यांत एकच विजय, तोही मालदीवविरुद्ध. निवृत्त कर्णधाराला चाळिशीत परत बोलवावं लागलं. जुलै २०२५ मध्ये तेही गेले.

ऑगस्टमध्ये जबाबदारी आली ती मुंबईच्या मैदानांवर खेळून, तिथेच प्रशिक्षक झालेल्या भारतीयाकडे. तेरा वर्षांनी भारतीय माणूस या जागेवर, याआधीचा गोव्याचा होता. पण तोवर १५ वर्षांच्या कराराचं नूतनीकरण अडकून लीगच थांबलेली. तरीही कोलकात्याच्या एका बड्या क्लबने ऑगस्टच्या कॅम्पला खेळाडू दिले नाहीत. कारण तेच, विंडोबाहेरचे दिवस आणि मागच्या दुखापतींचा हिशेब. बाकीच्यांच्या बळावर संघ मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा आला.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरविरुद्ध आशिया चषक पात्रतेचा सामना होता. भारताने चौदाव्या मिनिटाला आघाडी घेतली. मध्यंतराआधी बरोबरी झाली, ५८व्या मिनिटाला दुसरा गोल बसला आणि २०२७च्या आशिया चषकाचा रस्ता बंद झाला. त्या दिवशी भारतात आयएसएलचा एकही सामना व्हायचा नव्हता, आदल्या आठवड्यातही झाला नव्हता.