पोशाखातील तिरंगा

भारताच्या राष्ट्रध्वजाची प्रतिमा किंवा नुसती रंगसंगती कपडे, फेटा, टोपी व बिल्ल्यांवर वापरण्याची प्रथा. ती १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि क्रिकेट सामन्यांच्या वेळी विशेष दिसते.

ध्वजाच्या आराखड्याचे श्रेय सामान्यतः पिंगली वेंकय्या यांना दिले जाते. काही अभ्यासक सुरैया तैयबजी यांचे नाव घेतात. वेंकय्यांचे काम १९२१ च्या सुमाराचे आणि लाल-हिरव्या पट्ट्यांचे. गांधीजींच्या सूचनेवरून त्यात पांढरा पट्टा व चरखा आला आणि १९३१ मध्ये लालाची जागा केशरीने घेतली. तैयबजींचे नाव येते ते चरख्याऐवजी चक्र आणणाऱ्या १९४७ च्या रूपाशी. दोन्ही टप्पे वेगळे धरले की वाद बराचसा मिटतो. संविधान सभेने ध्वज स्वीकारला तो २२ जुलै १९४७ रोजी.

पोशाखाबाबतचा कायदा म्हणजे राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणारा १९७१ चा अधिनियम. २००३ च्या दुरुस्तीने ध्वजाचा पोशाखात कोठेही वापर निषिद्ध ठरला. क्रिकेटपटूंच्या हेल्मेटवरील तिरंग्याच्या चर्चेनंतर २००५ मध्ये ही बंदी कमरेखालच्या कपड्यांपुरती उरली. मात्र उशा, हातरुमाल, नॅपकिन, अंतर्वस्त्रे आणि ‘कोणतेही ड्रेस मटेरियल’ यांवर ध्वज छापणे वा भरतकामात काढणे आजही गुन्हाच आहे. मग छापील टी-शर्टचे काय? कमरेखालची बंदी तयार कपड्याबद्दल आणि छपाईची बंदी कापडाबद्दल असे वाचणे अधिक सयुक्तिक वाटते, पण शब्द तसे स्पष्ट नाहीत. शिवाय अधिनियमातील ध्वजाच्या व्याख्येत ध्वजाच्या ‘भागाची’ प्रतिमाही येते. त्यामुळे चक्र वगळले की प्रश्न सुटला, हा दुकानदारांचा समज कच्चा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ध्वजाचा व्यापारचिन्ह म्हणून वापर १९५० च्या वेगळ्या अधिनियमाने रोखला आहे.

छपाईत पांढरा पट्टा बहुधा मूळ कापडाचाच ठेवतात. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे) रंग वाफेने बसवून उरलेला रंग गरम साबणपाण्याने काढावा लागतो. यात घाई झाली तर पहिल्याच धुण्यात हिरवा रंग पांढऱ्यात उतरतो. होजिअरीचे कापड छातीवर ताणले की २४ आऱ्यांचे चक्र अंडाकृती दिसते. म्हणून ते लहान घेऊन खिशाच्या जागी बसवतात. फेट्यात पीळ पडल्याने पट्ट्यांचा क्रम टिकत नाही, तिथे चक्र न घेणेच बरे. उभ्या ओढणीत पाहणाऱ्याच्या डावीकडे केशरी ठेवतात. ध्वजसंहितेचा (ध्वजवापराच्या सरकारी नियमावलीचा) भिंतीवरील उभ्या ध्वजाचा नियम येथे सादृश्याने लावला जातो. बिल्ला उलटा लागून केशरी खाली जाणे ही नेहमीची चूक. मुद्दाम केल्यासच तो गुन्हा ठरतो.

फाटका ध्वज खाजगीत, शक्यतो जाळून, संपूर्ण नष्ट करावा असे संहिता सांगते. ध्वजाची पूर्ण प्रतिमा असलेल्या जुन्या कपड्याचे पुसणे करण्याऐवजी तोच मार्ग धरावा.