डबा ठेवून जा

दिवाळीच्या आधीचा आठवडा. लातुरातल्या आमच्या गल्लीत पिठाच्या गिरणीसमोर पंचवीसेक डबे रांगेत लागलेले आणि शेजारच्या ओट्यावर आम्ही चौघं, सगळे प्रोग्रामर. पायथन, नोड, पीएचपी ही आमच्या संगणकी भाषांची आणि साधनांची नावं. एक पुण्याहून आलेला पायथनवाला. एक हैदराबादेत नोडवर काम करणारा. तिसरा गिरणीवाल्या काकांचा धाकटा. तो इथंच राहून पीएचपीत वेबसाइटी करून देतो, गिऱ्हाईक म्हणजे शिकवण्या, खताची दुकानं, दोन मंगल कार्यालयं. चौथा मी, ज्याची कुठल्याच भाषेवर धड निष्ठा नाही.

नोडवाला सहज म्हणाला, “पायथन स्लो आहे गड्या.” तेवढं पुरलं. पुढचा दीड तास असा गेला की काकांनी पट्ट्याच्या आवाजावर ओरडून विचारलं, “काय भांडायलाव रे सकाळपस्नं?”

काकांना तेव्हा नीट सांगता आलं नाही, ते इथं सांगतो. प्रोग्रामर लोक भाषांवरून भांडतात तेव्हा बहुतेक वेळा वाद भाषेचा नसतोच. वाट कशी बघायची, यावरून तो असतो.

पायथन मंद आहे हे खोटं नाही. नुसत्या आकडेमोडीचा लूप, म्हणजे तेच तेच काम पुन्हा पुन्हा करणारा तुकडा, पायथनमध्ये लिहिला तर तो सी भाषेतल्या लूपपेक्षा तीस-पन्नास पटींनी, कधी त्याहूनही मागे पडतो. पण वेबसाइटचा सर्व्हर दिवसभर आकडेमोड करतो कुठे? आजचा साधा प्रोसेसर सेकंदाला सुमारे ३०० कोटी ठोके टाकतो. समजा, त्याचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद. या हिशेबाने मेमरीतून एखादी नोंद आणायला त्याला ५ मिनिटं लागतात. एसएसडीवरून, म्हणजे साठवणीच्या डिस्कवरून, आणायची तर साडेतीन दिवस. आणि लातुरातून अमेरिकेतल्या सर्व्हरला निरोप पाठवून उत्तर यायला, म्हणजे आपल्या घड्याळात सेकंदाचा पाचवा हिस्सा, त्याची १९ वर्षं जातात. पोराच्या बारशाला निरोप धाडला, उत्तर आलं तोवर पोरगं कॉलेजात. ज्या कामात १९ वर्षं वाटच बघायची आहे, तिथं उंबऱ्यातून निघायला पाच मिनिटं लागली की पन्नास, यावरून डोकं फोडण्यात अर्थ नसतो. त्या १९ वर्षांत हा गडी काय करतो, ते विचारायचं.

उत्तर आमच्यासमोर रांगेत लागलेलं होतं. गिरणीत दोन तऱ्हेची माणसं येतात. एक जण डबा हातात धरून, नंबर येईपर्यंत तिथंच उभा राहतो. दुसरा डबा रांगेत ठेवतो, काका म्हणतात “सहाला या”, आणि तो बाजार करायला निघून जातो. पहिल्याला प्रोग्रामर ‘ब्लॉकिंग’ म्हणतात. दुसरा म्हणजे ‘असिंक्रोनस’, आणि काकांच्या “सहाला या”ला जावास्क्रिप्टमध्ये चक्क ‘प्रॉमिस’ असं नाव आहे. ‘अवेट’ हा शब्द लिहिला की अर्थ होतो: पीठ येईल तेव्हा इथून पुढे चालू, तोवर मी दुसरं बघतो. आज हा शब्द पायथनमध्ये आहे (२०१५ पासून), जावास्क्रिप्टमध्ये आहे (२०१७ पासून), आणि त्याआधी तो सी-शार्प या भाषेने रुळवला होता.

जावास्क्रिप्ट ही जन्मापासूनच एका हाताने चालणारी गिरणी. १९९५च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला. काम ब्राउझरचं: बटण दाबलं की काहीतरी हललं पाहिजे. एकाच पानावर दोन हात एकदम चालले तर एक ओळ पुसणार आणि दुसरा तीच रंगवत बसणार, म्हणून हात एकच. २००९मध्ये रायन डाल यांनी हीच एकहाती पद्धत सर्व्हरवर आणली, ते नोड. हजारो डबे रांगेत, माणूस एक. पण तो कुठल्याच डब्यापाशी ताटकळत नाही. ज्याचं सामान आलं त्याचं काम करायचं, की पुढचा. या फिरत्या चक्राला इव्हेंट लूप म्हणतात.

चक्राची एकच अट आहे: कुणी जास्त वेळ जातं अडवायचं नाही. ती मोडली की काय होतं ते मी स्वतः करून बघितलंय. एका शिकवणीसाठी मी नोडमध्ये चाचणीचा निकाल दाखवणारी वेबसाइट केली होती. आपल्या गावात शिकवणीचा निकाल म्हणजे काय असतं ते लातूरकरांना सांगायला नको. दुपारी १ वाजता निकाल उघडला आणि ३०० पोरांनी एकदम ‘गुणपत्रिका’ दाबलं. एक पीडीएफ तयार व्हायला ०.४ सेकंद. माझ्या टेबलावर एकट्याने बघताना ते कळतही नव्हतं. पण पीडीएफ बनवणं म्हणजे वाट बघणं नव्हे. ते खरं दळण, प्रोसेसरचं काम, आणि मी ते त्याच एका हाताला लावलं होतं. ३०० गुणिले ०.४ म्हणजे १२० सेकंद. दोन मिनिटं नुसतं मुखपृष्ठसुद्धा कुणाला उघडेना. लोकांनी मग परत परत रिफ्रेश दाबलं, म्हणजे रांगेत आणखी डबे. तीन वाजेपर्यंत माझा फोन कानावरून खाली आला नाही. लग्नघरचं क्विंटलभर दळण मध्येच घेतलं की पाव किलो बेसनवाल्या बाईचं जे होतं, तेच.

“मग दुसरं जातं बसवायचं,” पायथनवाला म्हणाला. बरोबर आहे. इथं दोन गोष्टींची गल्लत होते. एकाच माणसाने दहा डबे सांभाळणं वेगळं आणि दोन जाती एकदम फिरणं वेगळं. पहिलं समवर्ती, दुसरं समांतर. गो भाषेच्या कर्त्यांपैकी रॉब पाइक यांनी २०१२ साली याच फरकावर एक व्याख्यान दिलं होतं. आमच्या धंद्यात ते अजून एकमेकांना पाठवलं जातं.

दुसऱ्या जात्याची निकड २००५च्या सुमारास आली. तोवर प्रोसेसरचे ठोके दरवर्षी वाढत होते, प्रोग्रामरने काही न करता प्रोग्राम पळत होता. मग उष्णता आवरेना, ठोके ३-४ अब्जांवर अडकले आणि कंपन्या एकाच चिपवर दोन, चार, आठ प्रोसेसर बसवू लागल्या. खिशातल्या फोनमध्येही आता आठ आहेत. म्हणजे जाती आठ झाली. वही मात्र एकच.

वही म्हणजे काकांची उधारीची. समजा, एका घराच्या नावावर १४० रुपये आहेत. थोरला मुलगा २० वाढवायला वही बघतो: १४०. त्याच क्षणी धाकटाही ३० वाढवायला बघतो: १४०. थोरला १६० लिहितो. धाकटा त्यावर १७० लिहितो. व्हायला हवे होते १९०. वीस रुपये हवेत विरले आणि चोरी कुणीच केली नाही. याला रेस कंडिशन म्हणतात. ही चूक फार वाईट, कारण ती रोज होत नाही. शंभर वेळा हिशेब बरोबर येतो, एकशे एकाव्या वेळी चुकतो आणि तपासायला बसलं की पुन्हा बरोबर येतो. १९८५ ते ८७ दरम्यान थेराक-२५ या कर्करोगावरच्या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना भलताच जास्त मारा दिला, काही जण दगावले. कारणांत याच जातीची चूकही होती: चालवणाऱ्याने ठरावीक वेगाने कळा दाबल्या तरच ती उघडी पडे.

यावरचा उपाय रेल्वेकडे आधीपासून होता. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी हवी. म्हणून जुन्या पद्धतीत स्टेशनातल्या यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा. तो ड्रायव्हरच्या हातात असेल तरच गाडी पुढे, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडची यंत्रं दुसरा सोडायची नाहीत. प्रोग्रामरचं ‘लॉक’ म्हणजे हा गोळा. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकात याच जातीची कल्पना मांडली तेव्हा नावही रेल्वेच्या सिग्नलचंच घेतलं: सेमाफोर.

पायथनने मात्र सगळ्या मार्गाला मिळून एकच गोळा ठेवला. गुइडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत ही भाषा लिहायला घेतली. कुठली वस्तू अजून कामाची आहे हे कळावं म्हणून पायथन प्रत्येक वस्तूवर ‘हिला किती जण धरून आहेत’ असा आकडा ठेवतो. तो आकडाही उधारीच्या वहीसारखाच बिघडू शकतो. मग एक मोठं कुलूप केलं, जीआयएल. चार गडी ठेवा, पण स्टार्टरची किल्ली एकाच्याच हातात. गडी सामान आणायला बाहेर पडला, म्हणजे नेटवर्कची वाट बघू लागला, की किल्ली दुसऱ्याला देतो. म्हणून वेबच्या कामात हे फारसं खुपत नाही. दळणच करायचं असेल तर चार गड्यांचा पगार आणि एकाचं काम. त्या काळी घरोघरच्या यंत्रात प्रोसेसर एकच असायचा, त्यामुळे हा सौदा मुळीच वाईट नव्हता. तीस वर्षं लोकांनी त्याला शिव्या दिल्या. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीत कुलूप नसलेला पायथन प्रयोगादाखल मिळू लागला. पायथनवाल्याने ही बातमी अशी सांगितली, जशी काही किल्ली त्यानेच घडवली.

गो भाषेची तऱ्हा वेगळी. २००९मध्ये गूगलने ती जाहीर केली. लिनक्सवर साधारण थ्रेडच्या, म्हणजे एका गड्याच्या, स्टॅकसाठी (हातातलं काम मांडायच्या जागेसाठी) ८ एमबीपर्यंत जागा राखलेली असते (सगळी वापरली जात नाही, पण राखलेली असते). गो भाषेतला गडी, ‘गोरुटीन’, २ केबीत सुरू होतो. म्हणून लाख गडी ठेवले तरी परवडतं. त्यांनी एका वहीत हात घालायचा नाही, चिठ्ठ्या एकमेकांकडे द्यायच्या, असा तिथला रिवाज. ही कल्पना टोनी होअर यांच्या १९७८च्या एका शोधनिबंधातली.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती अर्लांग या भाषेची तऱ्हा. एरिक्सन या टेलिफोन कंपनीत १९८०च्या दशकात ती घडली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकाचा कॉल तुटला म्हणून गावाचे फोन बंद पडून चालत नाहीत. म्हणून तिथं वहीच सामाईक नाही. सामाईक गिरणी सोडून प्रत्येक घरी घरघंटी घ्यावी, तसं. एकीची मोटर जळाली तर जळू द्या, देखरेखीवाला नवी चालू करून देतो. शेजारणीच्या भाकरी थांबत नाहीत. २०१२मध्ये व्हॉट्सअॅपने याच भाषेच्या जोरावर एका सर्व्हरवर २० लाख जोडण्या सांभाळल्या होत्या.

नोडवाल्याने मोबाइल काढून आकडे दाखवायला सुरुवात केली, सेकंदाला इतक्या हजार रिक्वेस्ट. तेव्हा इतका वेळ गप्प असलेला पीएचपीवाला बोलला. “जलदूत आठवतो का?” आठवणार नाही कसा. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, साधारण ५ लाख लिटर, पुढे पन्नास टाक्यांच्या खेपा. “तिचं पाणी किती होतं ते पेपरात आलं. माझ्या आजीच्या घागरीत कधी पडलं ते आलं नाही.” एका वेळी किती माल पोचतो आणि एकाला किती वेळ लागतो, हे दोन वेगळे आकडे असतात, आणि जाहिरातीत नेहमी पहिलाच छापतात. मग तो स्वतःच्या पीएचपीचं बोलला. तिच्यात रिक्वेस्ट आली की कोरी पाटी, काम झालं की पाटी पुसली, मागचं काही शिल्लक नाही. म्हणून मेमरीची गळतीही कमी आणि वहीचं भांडणही कमी. भांडण असलंच तर ते डेटाबेस मिटवतो. जगातल्या दर पाच वेबसाइटपैकी साधारण दोन वर्डप्रेसवर, म्हणजे पीएचपीवर, चालतात. आम्ही तिला नावं ठेवतो आणि धाकट्याचे हप्ते वेळेवर जातात.

साधनांवर वाद झालाच, पण त्यात दम नव्हता. कुणाचा एडिटर, कुणाचा फ्रेमवर्क. नोडवाल्याला मी २०१६चं ‘लेफ्ट-पॅड’ आठवून दिलं: सगळ्यांना वापरायला ठेवलेलं अकरा ओळींच्या कोडचं एक पॅकेज त्याच्या मालकाने काढून घेतलं आणि जगभरचे कितीतरी प्रोजेक्ट बनेनासे झाले. त्याने विषय बदलला. पण एक गोष्ट खरंच मजेची आहे. मार्च २०२५मध्ये टाइपस्क्रिप्टवाल्यांनी (ही जावास्क्रिप्टवरच उभी भाषा) त्यांचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड तपासून दुसऱ्या रूपात उतरवणारा प्रोग्राम, टाइपस्क्रिप्टमधून काढून गो भाषेत नेत असल्याचं जाहीर केलं, वेग सुमारे दहापट. कारण कंपायलरचं काम म्हणजे शुद्ध दळण, वाट बघणं नाहीच, आणि गोला सगळी जाती एकदम वापरता येतात.

तोवर काकांचं आपलं शास्त्र चालूच होतं. डबे आले त्या क्रमाने ते घेत नव्हते. आधी सगळे गहू, मग ज्वारी, भाजणी शेवटी. भाजणीनंतर गहू घातला तर पोळीला धन्या-जिऱ्याचा वास येतो आणि जातं साफ करण्यात वेळ जातो. प्रोसेसरलाही एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारायचा खर्च पडतो, त्याला कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतात, असं मी मोठ्या आवाजात समजावत होतो.

“भाजणीचा डबा कुणाचाय?” काकांनी विचारलं. कुणी बोललं नाही. त्यांनी तो बाजूला सरकवला आणि पुढचा घेतला. झाकणावर आमचं आडनाव होतं. काका दोनदा ओरडले होते म्हणे.

मी उठलो. पाठीमागून पायथनवाला म्हणाला, “अरे, पण रस्टचं राहिलंच की.”