खास सोयी म्हणजे मोठा खर्च?

‘ऑटिझम, एडीएचडी किंवा डिस्लेक्सिया असलेल्यांना नोकरीवर घ्यायचं तर महागडी यंत्रणा लागते’, असं सर्रास सांगितलं जातं. (ऑटिझममध्ये संवादाची आणि आवाज-उजेड जाणवण्याची रीत वेगळी असते, एडीएचडीत लक्ष टिकवणं अवघड जातं, तर डिस्लेक्सियात वाचन-लेखन.) काही सोयींना पैसे लागतात, हे खरं. पण पुष्कळदा नडतो तो गोंगाट, प्रखर दिवे आणि तोंडी, अर्धवट सूचना. ‘ते जरा बघून घे’ऐवजी ‘तिसऱ्या पानावरचा तक्ता गुरुवारी दुपारपर्यंत तपासून पाठव’ असं लिहून द्यायला खर्च येत नाही. (बाकीच्यांचाही घोळ टळतो, ते वेगळंच.) बिनखर्चाच्या सोयी असतात हे पडताळायचं असेल तर आपल्याच फोनच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडा. मजकूर वाचून दाखवणं, अक्षरं मोठी करणं तिथे आधीपासूनच असतं. मग त्या सहकाऱ्यालाच विचारा, नेमकं काय अडतंय. एकाला हेडफोन पुरतात, दुसऱ्याला कोपऱ्यातली जागा हवी असते.