गोव्याचे क्रीडाखाते: कधी पंचायतीसोबत, कधी पर्यटनासोबत

गोव्यात मंत्रिमंडळात फेरबदल झाला की दुसऱ्या दिवशी पेपर उघडताना सगळ्यांचा डोळा खातेवाटपावर असतो. सार्वजनिक बांधकाम कोणाकडे गेले, नगरनियोजन कोणाकडे राहिले, आरोग्य, वाहतूक, महसूल. क्रीडा आणि युवा व्यवहार हे नाव बहुधा खाली कुठेतरी सापडते, तेही दुसऱ्या खात्याला जोडून. 21 ऑगस्ट 2025 रोजी काणकोणचे आमदार रमेश तवडकर सभापतिपद सोडून मंत्री झाले आणि पुढच्या खातेवाटपात क्रीडा त्यांच्याकडे आले. 2012 ते 2017 या काळातही हे खाते त्यांच्याकडेच होते. म्हणजे मधली आठ वर्षे ते इतरांकडे फिरून पुन्हा त्याच हातात आले. हे खाते फिरते कसे आणि कोणासोबत फिरते हे नीट पाहिले, तर आपल्या गावांना मैदाने का मिळाली आणि का मिळाली नाहीत, याचा बराचसा उलगडा होतो.

खेळाची ओढ गोव्याला सरकारने लावलेली नाही. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रींनी 1883 मध्ये शिवोलीत फुटबॉल आणला. तिथून तो चर्चच्या शाळांतून आणि गावोगावच्या फेस्तांतून जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या बार्देश, तिसवाडी, सासष्टी या भागात, घरचा झाला. इकडे डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या भागात हुतूतू, खो-खो आणि पुढे क्रिकेट. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या दशकात खेळांसाठी सरकारी कौन्सिल होते आणि 1959 मध्ये फुटबॉल संघटना उभी राहिली. गोवा मुक्त झाला तेव्हा संघटना होती, खेळाडू होते, प्रेक्षकही भरपूर होते. खेळासाठी विधानसभेत उत्तर देणारा माणूस मात्र नव्हता.

20 डिसेंबर 1963 रोजी दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पहिले मंत्रिमंडळ अवघ्या तीन जणांचे. गोवा, दमण आणि दीव यांचा सगळा कारभार तिघांत वाटायचा होता, त्यात शिक्षण विठ्ठल करमलींकडे. खेळासाठी वेगळा मंत्री ही कल्पनाच तेव्हा शक्य नव्हती. पण भाऊसाहेबांना स्वतःला खेळाचे वेड होते आणि मुख्यमंत्र्यालाच आवड असली की वेगळ्या मंत्र्याची उणीव फारशी जाणवत नाही. 1970 मध्ये बांदोडकर सुवर्ण चषक फुटबॉल स्पर्धा सुरू झाली आणि देशातले नावाजलेले संघ गोव्यात खेळायला येऊ लागले. कांपालचे मैदान आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. माझ्या मते त्यांचे खेळाला झालेले मोठे साहाय्य मात्र चषकापेक्षा वेगळ्या गोष्टीत आहे. त्यांच्या काळात गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, आणि जिथे शाळा आली तिथे मुलांना एकत्र जमून खेळायला कारण मिळाले. 12 ऑगस्ट 1973 रोजी भाऊसाहेब गेले. एका माणसाच्या आवडीवर उभी असलेली व्यवस्था त्याच्यानंतर कशी चालवायची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

दिल्लीतही तेव्हा वेगळे काही नव्हते. युवक आणि खेळ हे दोन्ही विषय शिक्षण मंत्रालयाच्या पोटात होते. 1954 मध्ये अखिल भारतीय क्रीडा परिषद झाली, 1961 मध्ये, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली. पण केंद्रात खेळांचा स्वतंत्र विभाग व्हायला 1982 उजाडावे लागले, आणि त्यालाही निमित्त दिल्लीच्या आशियाई खेळांचे. 1985 हे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष होते, म्हणून त्या विभागाला ‘युवा व्यवहार’ जोडले गेले. आज प्रत्येक राज्यात जी जोडनावाची पाटी दिसते तिचा उगम असा आहे: अर्धे नाव एका स्पर्धेमुळे, अर्धे एका वर्षाच्या साजरीकरणामुळे. पूर्ण मंत्रालयाचा दर्जा 27 मे 2000 रोजी मिळाला आणि 2008 मध्ये त्यात युवा व्यवहार व क्रीडा असे दोन विभाग, दोन सचिवांसह, वेगळे झाले.

इथे एक मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘खेळ’ हा विषय राज्य सूचीत, 33व्या क्रमांकावर आहे. नाट्यगृहे, नाट्यप्रयोग, सिनेमा, करमणूक यांच्याच ओळीत तो बसवलेला आहे. तो समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा यादीत, आणण्यासाठी 1988 मध्ये राज्यसभेत घटनादुरुस्ती विधेयक मांडले गेले, ते मंजूर झाले नाही. म्हणजे दिल्लीतला मंत्री योजना देतो, पैसा देतो, राष्ट्रीय संघटनांवर देखरेख ठेवतो. 2025 मध्ये संसदेने केलेला राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदाही त्याच देखरेखीचा. गावातले मैदान, तालुक्याचा प्रशिक्षक, शाळेतली चाचणी या गोष्टींची जबाबदारी मात्र पणजीतच राहते. म्हणून गोव्याचा क्रीडामंत्री कोण, हा प्रश्न आपल्याला दिल्लीच्या मंत्र्यापेक्षा अधिक जवळचा असायला हवा.

30 मे 1987 रोजी गोवा राज्य झाले. त्याआधीच खेळाडूंनी आपले काम करून ठेवले होते. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या पिढीने 1983 मध्ये बंगालसोबत संयुक्तपणे फुटबॉलचा संतोष चषक जिंकला आणि पुढच्याच वर्षी तो एकट्याने आणला. फातोर्ड्याचे नेहरू स्टेडियम 1989 मध्ये उभे राहिले तेव्हा मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे होते. जानेवारीत तिथे नेहरू सुवर्ण चषकाचे फुटबॉल सामने झाले आणि ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलिया-श्रीलंका एकदिवसीय क्रिकेट सामना. घटक राज्याचे पहिले मोठे क्रीडांगण असे एका स्पर्धेच्या तारखेला धरून उभे राहिले.

मग आले नव्वदचे दशक. जानेवारी 1990 ते ऑक्टोबर 2000 या अकरा वर्षांत गोव्यात तेरा वेळा मुख्यमंत्रिपदाची शपथ झाली आणि दोनदा राष्ट्रपती राजवट आली. एप्रिल 1994 मधले एक सरकार आठवडाभरही टिकले नाही. या काळात खाती म्हणजे आमदार सांभाळण्याचे साधन झाले. रस्त्याचे काम निदान ठेकेदाराच्या नेटाने पुढे सरकते. खेळाचे तसे नाही. आठ वर्षांच्या मुलीला आज पाण्यात उतरवले तर ती राष्ट्रीय पातळीवर पोहोचायला दहा वर्षे लागतात. त्या दहा वर्षांत दहा सरकारे बदलली तर तिच्या प्रशिक्षकाची कंत्राटी नेमणूक कोण लक्षात ठेवणार? त्या दशकात ज्यांचे खेळण्याचे वय होते त्यांच्याशी बोलताना मला हीच खंत पुन्हा पुन्हा ऐकू येते.

2003 च्या 91व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येला मर्यादा घातली. लहान राज्यांत ही संख्या बारापेक्षा कमी नसावी, अशी त्यात तरतूद आहे, आणि 40 आमदारांच्या गोव्याला तीच लागू पडते. मुख्यमंत्री धरून बारा माणसे आणि खाती कितीतरी अधिक. त्यामुळे क्रीडा एकटे कधीच राहणार नाही हे पक्के झाले. आता महत्त्वाचे एवढेच उरले की ते कोणासोबत बांधले जाते.

2007 मध्ये दिगंबर कामत यांच्या सरकारात मनोहर ऊर्फ बाबू आजगावकर यांच्याकडे पंचायत आणि क्रीडा ही दोन खाती एकत्र होती. मला ही जोडी मनापासून योग्य वाटते, आणि त्याचे कारण गावात आहे. आमच्याकडे भाताची कापणी झाली की मळ्यात खेळ सुरू व्हायचा. खुंटे पायाला टोचायची, चार दिवस खेळून खेळून ती जमिनीत दबली की मग चेंडू सरळ जायचा. गोल म्हणजे दोन बांबू. मृगाचा पाऊस पडला की मैदान पुन्हा शेत. कायमचे मैदान हवे तर जमीन हवी, आणि गोव्यात गावची मोकळी जमीन बहुतेक वेळा कोमुनिदादीची, म्हणजे गावकरी संस्थेच्या सामाईक मालकीची, किंवा देवस्थानची. तिथे ना-हरकत दाखला मिळवणे, पंचायतीचा ठराव, मग क्रीडाखात्याकडे प्रस्ताव. एका गावची अशी फाइल मी जवळून पाहिली आहे. तीन पंचायत मंडळांचे तीन ठराव, प्रत्येकाची भाषा जवळजवळ सारखी, आणि पहिल्या ठरावावर सही करणारे पंच तोपर्यंत आजोबा झालेले. दोन्ही खाती एका टेबलावर असली तर निदान एक फेरी तरी वाचते. 2009 चे गोवा क्रीडा धोरण याच कार्यकाळातले.

2012 नंतर तवडकरांकडे क्रीडेसोबत आदिवासी कल्याण आणि पुढे कृषी होते. जानेवारी 2014 मध्ये तिसऱ्या लुसोफोनिया स्पर्धा गोव्यात झाल्या. पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांच्या या स्पर्धांसाठी नवी क्रीडासंकुले झाली, जुनी दुरुस्त झाली. बांबोळीचे ॲथलेटिक्स स्टेडियम, ताळगाव पठारावरचे इनडोअर स्टेडियम, कांपालचा जलतरण तलाव ही नावे तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसली.

2017 मध्ये खाते पुन्हा आजगावकरांकडे आले, यावेळी पर्यटनाच्या सोबतीने. जोडीदार बदलला की बोलण्याचा सूरही बदलतो. पर्यटनाच्या बाजूने पाहिले की खेळ म्हणजे स्पर्धा आणि बाहेरून येणारे पाहुणे. 2017 च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने फातोर्ड्याला झाले, ही अभिमानाची गोष्ट होतीच. पण याच काळात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांची तारीख मात्र दर वर्षी पुढे जात राहिली. 36व्या राष्ट्रीय स्पर्धा गोव्याला मिळाल्या होत्या. नोव्हेंबर 2016 ठरले, मग 2017, मग 2018, मग 2019 चा मार्च, मग 2020, आणि शेवटी कोविड. अखेर 36वी स्पर्धा 2022 मध्ये गुजरातने भरवली आणि गोव्याच्या वाट्याला 37वी आली. ज्या मुलांनी 2016 साठी तयारी केली होती त्यांच्यातल्या कित्येकांची खेळायची वर्षे या वाट पाहण्यातच गेली.

2022 पासून क्रीडा आणि कला-संस्कृती ही दोन्ही खाती प्रियोळचे आमदार गोविंद गावडे यांच्याकडे होती. घटनेच्या 33व्या नोंदीत खेळ आणि नाट्य शेजारी बसलेले आहेतच, इथे ते एका मंत्र्याच्या हाती आले. गोव्याच्या गावात हे वेगळे वाटत नाही. देवळाच्या मंडपात भजनी स्पर्धेला पेटी घेऊन बसणारा पोरगा संध्याकाळी बाहेर कबड्डी खेळत असतो. 26 ऑक्टोबर ते 9 नोव्हेंबर 2023 या काळात 37वी राष्ट्रीय स्पर्धा झाली. 43 क्रीडाप्रकार आणि ‘मोगा’ नावाचा गवा हे बोधचिन्ह. महाराष्ट्र 80 सुवर्णांसह पहिला आला आणि गोव्याने 27 सुवर्णांसह एकूण 92 पदके मिळवली. पदकतक्त्यात आपल्याला एवढी ठसठशीत जागा याआधी कधी मिळाली नव्हती. जून 2025 मध्ये गावडे मंत्रिमंडळातून बाहेर झाले आणि ऑगस्टमध्ये तवडकर आले. नोव्हेंबरमध्ये गोव्यात बुद्धिबळाचा विश्वचषक झाला. भक्ती कुलकर्णी, अनुराग म्हामल, लिऑन मेंडोन्सा या बुद्धिबळपटूंच्या गोव्यात तो होणे अगदी योग्यच.

या सगळ्यात ‘युवा व्यवहार’ हे अर्धे नाव कुठे गेले? खेळ नीट मोजता येतो: पदके, मैदाने, सामने. युवा व्यवहार मोजायचा कशाने? केंद्राकडून राष्ट्रीय सेवा योजना 1969 मध्ये आणि नेहरू युवा केंद्रे 1972 मध्ये आली. 12 जानेवारीला विवेकानंद जयंतीचा युवा दिन होतो, युवा संसद भरते, शिबिरे होतात. हे सगळे आवश्यक आहे. पण बारावीनंतर गाव सोडून जाणारा मुलगा, पोर्तुगीज पासपोर्टसाठी कागद जमवणारा तरुण, पदवी घेऊन घरी बसलेली मुलगी यांचे प्रश्न मजूर, शिक्षण, गृह अशा खात्यांत विखुरले जातात. मंत्र्याच्या पाटीवर त्यांचे नाव आहे, म्हणून त्यांच्याविषयी विधानसभेत याच मंत्र्याला विचारले जावे असे मला तीव्रतेने वाटते.

सरकार आणि खेळणारे मूल यांची खरी गाठ पडते ती दहावी-बारावीच्या वर्षी. गोव्याच्या परीक्षा मंडळाच्या निकालात खेळाडू मुलांना क्रीडा गुण मिळतात. फेब्रुवारीच्या सुमारास शारीरिक शिक्षणाच्या सरांच्या टेबलाभोवती मुले जमतात. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमधली प्रमाणपत्रे: तालुका पातळी, राज्य पातळी, एखाद्याचे राष्ट्रीय. सर एकेक प्रमाणपत्र उलटून पाहतात, तारीख, शिक्का, सही. मागच्या वर्षी अशाच एका रांगेत एक कबड्डीपटू मुलगी होती. तिचे एक प्रमाणपत्र पावसात भिजून शाई फुटलेली. सरांनी ते खिडकीतल्या उजेडाकडे धरले, बराच वेळ पाहिले आणि खालची तारीख लागली तेव्हा म्हणाले, ‘‘वाचता येते. लाव फॉर्मला.’’