‘विलंब’ या शब्दाचे ओझे : प्रभूच्या आगमनाची वाट पाहण्यामागची पार्श्वभूमी

प्रभू येशूच्या दुसऱ्या आगमनाची, म्हणजे तो पृथ्वीवर परत येण्याची, कोणी तारीख सांगितली, की ख्रिस्ती मंडळीतली जाणती माणसे मार्क १३:३२ काढून दाखवतात. तो दिवस, ती घटका कोणालाच ठाऊक नाही. देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही. १८४४ साली अमेरिकेत ज्यांनी असा दिवस ठरवला त्यांनाही हे वचन पाठ होते. तरीही त्यांनी तो ठरवला. हे कसे घडले ते समजायला ‘विलंब’ या शब्दापासून सुरुवात करावी लागते.

जुन्या करारातल्या हबक्कूक २:३ मध्ये दृष्टान्ताविषयी, म्हणजे संदेष्ट्याला झालेल्या दर्शनाविषयी, सांगितले आहे, की त्याला विलंब लागला तरी वाट पाहा. तो येणारच, त्याला विलंब लागणार नाही. विलंब आहे आणि नाहीही. मूळ हिब्रूत दोन निराळी क्रियापदे आहेत. पहिल्यात रेंगाळण्याची छटा आहे, दुसऱ्यात वेळ टळून जाण्याची. सतराव्या शतकातल्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात मात्र दोन्ही ठिकाणी एकच शब्द आला, आणि १८४४ ची माणसे तेच भाषांतर उशाशी घेऊन झोपत होती.

त्याच्या कितीतरी आधी, ख्रिस्तपूर्व काळातच, जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात आणखी एक बदल होऊन गेला होता. ‘त्याची वाट पाहा’ यातला ‘तो’ दृष्टान्त न राहता येणारी व्यक्ती झाला. शिवाय ‘वाट पाहा’साठी जे क्रियापद वापरले गेले, त्यापासूनच नव्या करारातला ‘हुपोमोने’ हा शब्द येतो. आपण त्याला कधी धीर म्हणतो, कधी सहनशीलता. शब्दशः अर्थ घेतला तर, ओझ्याखाली टिकून राहणे. ‘सहनशीलता’ म्हटले की नुसते सोसणे डोळ्यांपुढे येते, म्हणून मला ‘धीर’ अधिक जवळचा वाटतो. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात हे सगळे एकत्र येते. ३६ व्या वचनात तुम्हांला धीराची गरज आहे असे सांगितले आहे आणि ३७ व्यात येणारा येईल, विलंब करणार नाही असे. गंमत म्हणजे इथे जे नाकारले आहे, तेच क्रियापद मत्तय २५:५ मध्ये होकारार्थी येते. तिथे वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा दाखला आहे. वराला विलंब लागतो आणि दहाही कुमारी पेंगून झोपी जातात. शहाण्या पाचसुद्धा.

पहिल्या पिढीचा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीला इसवी सन ५० च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात, प्रभू येण्याआधी मरण पावलेल्यांचे काय, हा प्रश्न आहे. दुसऱ्या पत्रात, प्रभूचा दिवस येऊन ठेपला या बातमीने घाबरू नका, अशी समजूत आहे आणि काम न करणाऱ्याने खाऊही नये, अशी तंबीही. शेवट जवळ आला म्हणून त्या लोकांनी कामधंदा सोडला, असे प्रवचनांतून ऐकायला मिळते. पत्रात मात्र या दोन गोष्टींची सांगड कुठेच घातलेली नाही. ती वाचणाऱ्यांनी घातली आहे.

पुढची शतके भराभर ओलांडता येतात. दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधल्या फ्रुगियातल्या एका संदेष्ट्याच्या अनुयायांना नवे यरुशलेम पेपुझा या गावी उतरेल अशी आशा होती. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या एका लेखकाने धीरावर प्रबंध लिहिला, सुरुवातीलाच आपण स्वतः अधीरतेच्या तापाने आजारी असतो अशी कबुली दिली, आणि नंतर तो याच चळवळीकडे वळला. पाचव्या शतकात त्याच भागातल्या हिप्पोच्या बिशपाने एका पत्रात तीन सेवक उभे केले. एक म्हणतो धनी लवकर येईल, दुसरा म्हणतो उशिरा, तिसरा म्हणतो मला ठाऊक नाही. तिघांचेही धन्याच्या येण्यावर प्रेम आहे, पण बिशपाचा कल तिसऱ्याकडे. यापेक्षा शहाणे उत्तर पुढच्या हजार वर्षांत कोणी दिले असेल असे मला वाटत नाही. जर्मनीत लोखाऊच्या एका पाळकाने तर १९ ऑक्टोबर १५३३, सकाळी आठ, इतकी नेमकी वेळ दिली होती. ती टळल्यावर त्याला अटक झाली. पुढे तो गणिताकडे वळला आणि तिथे त्याने खरोखर नाव काढले.

आता १८४४. न्यूयॉर्क राज्याच्या सीमेवरच्या एका बाप्टिस्ट शेतकऱ्याने दानीएल ८:१४ मधले पवित्रस्थानाच्या शुद्धीपर्यंतचे २,३०० दिवस म्हणजे तितकी वर्षे असे धरून, ख्रिस्तपूर्व ४५७ पासून मोजत ‘सुमारे १८४३’ हे उत्तर काढले होते. तो दिवस सांगत नसे. दिवस आणि घटका ठाऊक नाही असे लिहिले आहे, वर्ष ठाऊक नाही असे कुठे लिहिले आहे, हा त्याचा युक्तिवाद. मार्च १८४३ ते मार्च १८४४ ही मुदत संपली आणि काहीच घडले नाही. इतिहास सांगणारे, पुढे ऑक्टोबरमध्ये दुसरी तारीख टळली त्या ‘मोठ्या निराशे’वरच थांबतात. माझ्या मते खरी कसोटी या वसंतात होती. चूक मान्य करून मोकळे होता आले असते. पण हबक्कूक आणि कुमारींचा दाखला मदतीला आले: हा अपयशाचा काळ नव्हे, हा विलंबाचा काळ आहे, तो शास्त्रात आधीच सांगितलेला आहे. म्हणजे न घडणे हाच घडण्याचा पुरावा ठरला. धीर या शब्दाचा इतका चतुर आणि इतका घातक उपयोग दुसरा सापडणे कठीण.

ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशरमधल्या एक्सेटर इथे मंडपाखाली भरलेल्या मेळाव्यात एका तरुण उपदेशकाने पुढचे पाऊल टाकले. वराला विलंब झाला ती रात्र म्हणजे अर्धा दिवस, भविष्यवाणीच्या हिशेबात अर्धे वर्ष; वसंतापासून मोजले तर शरद ऋतू येतो. सातव्या महिन्याचा दहावा दिवस हा प्रायश्चित्ताचा दिवस. रूढ यहुदी पंचांगात तो त्या वर्षी २३ सप्टेंबरला पडत होता. उपदेशकाने कराईट या यहुदी पंथाची गणना धरली आणि २२ ऑक्टोबर काढला. मार्कच्या वचनावरही उत्तर तयार होते: ‘ठाऊक नाही’ म्हणजे ‘कधीच कळणार नाही’ असे नव्हे, पिता योग्य वेळी कळवतो. मूळ हिशेब मांडणारा शेतकरी बरेच दिवस कचरत होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यानेही होकार दिला. अनुयायांची संख्या ५० हजारांपासून १ लाखापर्यंत सांगितली जाते. पांढरे झगे घालून ते टेकड्यांवर चढले, ही कथा मात्र नंतरच्या टवाळीतून पसरली; तिला भक्कम आधार मिळालेला नाही. कित्येकांनी पिके शेतात तशीच सोडली, ही गोष्ट अधिक विश्वासार्ह आणि अधिक करुण आहे.

२३ ऑक्टोबरला सूर्य उगवला. पुढे वाटा फुटल्या. काहींनी दयेचे दार बंद झाले, म्हणजे आता नव्या कोणाला तारण नाही, असे मानले. काहींच्या मते तारीख बरोबर होती, घटना चुकली. ख्रिस्त पृथ्वीवर नव्हे, स्वर्गीय पवित्रस्थानाच्या दुसऱ्या भागात गेला. याच गटातून १८६३ मध्ये शनिवार पाळणारी एक संघटित मंडळी उभी राहिली. आणखी तारखा काढण्याचा नाद तिने सोडला आणि शाळा-रुग्णालये काढली. तिचे सिद्धान्त पटोत न पटोत, थांबून राहण्याचा हा उपयोग नाकारता येणार नाही.

दुसऱ्या एका प्रवाहाने आगमनासाठीच्या ‘पारूसिया’ या ग्रीक शब्दाचा ‘उपस्थिती’ हा अर्थ पकडला. आलेला डोळ्यांना दिसत नाही असे म्हटले की तारीख खोटी पडत नाही. ही अदृश्य उपस्थिती आधी १८७४ पासून मानली, नंतर १९१४ पासून. १९२५ आणि १९७५ च्या अपेक्षाही मागे पडल्या, आणि १९९५ मध्ये, शेवट पाहील असे येशूने जिच्याविषयी म्हटले त्या ‘ही पिढी’ या शब्दांचा अर्थच बदलावा लागला.

विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी विसाव्या शतकात वेगळी वाट धरली. दुसऱ्या महायुद्धानंतर एका अभ्यासकाने युद्धाचाच दाखला दिला: निर्णायक लढाई जिंकली गेली तरी विजयाचा दिवस पुढे असतो, आणि मंडळी या दोन दिवसांच्या मधे जगते. मित्रराष्ट्रांच्या फौजांचे नॉर्मंडीतले उतरणे ६ जून १९४४ चे, युरोपातला विजय ८ मे १९४५ चा. मधल्या अकरा महिन्यांतही माणसे मरतच होती. धीर कशासाठी लागतो ते या दाखल्यात नीट दिसते.

तारखांचे वेड मात्र संपले नाही. २१ मे २०११ ही तारीख कॅलिफोर्नियातल्या एका वयोवृद्ध रेडिओ प्रवचनकाराने दिली. रस्त्यांवर मोठे फलक लागले, कित्येकांनी साठवलेले पैसे प्रचाराला दिले. दिवस गेला, मग २१ ऑक्टोबर सांगितला, तोही गेला. मार्च २०१२ मध्ये त्याने श्रोत्यांना पत्र लिहून तारीख सांगणे हे पाप होते असे कबूल केले. तो दिवस कोणाला ठाऊक नाही हे वचन जे दाखवत होते त्यांचेच बरोबर होते, असेही त्या पत्रात होते. सोबत कंसात संदर्भ दिला होता: मत्तय २४:३६, मार्क १३:३२.