कार्ड मशीनची पात्रता : अटी आल्या कुठून?

कार्डाने पैसे घेण्याचे खाते देताना दुकान केवढे, हा बँकेचा पहिला प्रश्न नसतो. ग्राहकाने दोन-तीन महिन्यांनी व्यवहारावर हरकत घेतली, तर ती रक्कम दुकानदाराकडून वसूल होईल का, हा असतो. दुकानदार हात वर करून गेला, तर भुर्दंड मशीन देणाऱ्या बँकेला. पात्रतेच्या बहुतेक अटी याच धास्तीतून आल्या आहेत.

सेंट्रल बँकेने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड आणले, तेव्हा कार्डावरचा उठावाचा नंबर कार्बन पावतीवर दाबून उमटवत आणि पावत्या बँकेत भरत. तिथे शाखेतली ओळख आणि जुने चालू खाते यांनाच वजन होते. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर मशीनची मागणी एकदम वाढली. अनोळखी दुकाने कागदांवरून पारखणे भाग पडले.

हे कागदही त्याच सुमारास बदलले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १९ डिसेंबर २०१७ पासून महाराष्ट्रात नवा शॉप ॲक्ट, म्हणजे दुकाने-आस्थापनांचा कायदा, लागू झाला. तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचनेची पावती पुरे, असे ठरले. १ जुलै २०२० ला लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी आली. एकट्या मालकाच्या व्यवसायाला रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार असे दोन पुरावे लागतात. दुसरा मिळणे शक्यच नसेल, तर जागेवर पडताळणी करून बँक एकावर भागवू शकते. अर्ज अडतो तो बहुधा नावापाशी. शॉप ॲक्टवर ‘ट्रेडर्स’, उद्यमवर ‘ट्रेडिंग’ आणि रद्द केलेल्या चेकवर मालकाचे बचत खाते, असे असेल तर फाइल परत येणारच. आधी नाव सगळीकडे एकसारखे करावे, मगच अर्ज भरावा.

जोखीम व्यवसायाच्या प्रकारावरही ठरते, म्हणून प्रत्येक व्यवसायाला चार आकडी प्रकार-क्रमांक मिळतो: किराण्याला ५४११, दागिन्यांना ५९४४. साताऱ्यात कंदी पेढे विकणारा माल हातात देतो, व्यवहार तिथेच संपतो. महाबळेश्वरचा हॉटेलवाला मात्र मे महिन्याचे पैसे मार्चमध्ये घेतो. मधले दोन महिने बँकेसाठी जोखमीचे, म्हणून त्याच्याकडून ठेव मागितली जाते किंवा काही रक्कम राखून ठेवतात. क्लास आणि सहल कंपन्यांचेही तसेच. हा अन्याय वाटतो खरा, पण हिशेब सरळ आहे.

ऑनलाइन विक्रीच्या अटी रिझर्व्ह बँकेच्या १७ मार्च २०२० च्या पेमेंट ॲग्रिगेटर (अनेक विक्रेत्यांचे ऑनलाइन पैसे गोळा करून त्यांना देणारी कंपनी) नियमांनी घट्ट केल्या. विक्रेत्याची पार्श्वभूमी तपासणे ॲग्रिगेटरवर बंधनकारक झाले. संकेतस्थळावर सेवेच्या अटी आणि पैसे परतीची मुदत स्पष्ट लिहिणेही. मिरजेच्या सतारी परदेशी कार्डावर विकायच्या असतील, तर त्यासाठी वेगळी मंजुरी घ्यावी लागते. पार्सल पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवावा, हरकत आली की तोच कामी येतो.

प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराकडून जो दर कापला जातो, त्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १ जानेवारी २०१८ पासून वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढालीच्या दुकानाला मशीनवर डेबिट कार्डासाठी कमाल ०.४० टक्के दर ठरला. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही.

ओळखीच्या माणसाचे कार्ड घासून त्याला रोख देणे, हे खाते बंद होण्याचे हमखास कारण. असे खाते मास्टरकार्डच्या मॅच यादीत, म्हणजे खाते बंद केलेल्या दुकानदारांच्या यादीत, गेले, तर नोंद पाच वर्षे राहते. दुकानाचे नाव बदलून दुसऱ्या बँकेत अर्ज केला तरी मालकाच्या तपशिलावरून ती सापडते.