स्त्रादे बियांके

इटलीच्या टस्कनी प्रांतात सिएना शहराभोवती पसरलेले पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते, आणि त्यांवर रुजलेली सायकल चालवण्याची परंपरा. ‘स्त्रादे बियांके’ म्हणजे पांढरे रस्ते. 2007 पासून होणाऱ्या आणि आता याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यावसायिक शर्यतीमुळे हे रस्ते जगभर माहीत झाले असले, तरी त्यांचे महत्त्व शर्यतीपुरते नाही. गावे, किल्ले आणि शेतघरे यांना जोडणारे जुन्या वळणाचे रस्ते डांबराखाली न जाता सलग टिकून राहिल्याची अशी उदाहरणे पश्चिम युरोपात फार उरलेली नाहीत. त्यांच्या टिकण्यात सायकलचा वाटा मोठा आहे.

सिएनाच्या उत्तरेला कियांतीच्या टेकड्या आहेत. तिथे द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा आणि मध्ये मध्ये ओकची दाट राने. दक्षिणेला क्रेते सेनेसी हा चिकणमातीचा उघडाबोडका मुलूख लागतो, आणि त्याही पुढे वाल दोर्चाचे खोरे. हे खोरे 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. उंच पर्वत या टापूत नाहीत. राद्दा, कास्तेल्लिना, मोंताल्चिनो ही डोंगरमाथ्यावरची गावेसुद्धा समुद्रसपाटीपासून 500 ते 600 मीटरच्या आसपासच आहेत. तरीही दिवसभराच्या फेरीत दोन-तीन हजार मीटरची चढाई सहज होते, कारण सपाट रस्ता जवळजवळ मिळतच नाही. एक टेकडी उतरावी, ओढा ओलांडावा, की लगेच पुढचा चढ समोर उभा.

रस्त्यांची ही रचना शेतीतून आली. शतकानुशतके इथली जमीन अर्धेलीने कसली जात होती. मालक जमीन आणि घर देई, कुळाचे सगळे कुटुंब राबे आणि पीक निम्मे निम्मे वाटले जाई. कुळ गावात न राहता आपल्या वाट्याच्या जमिनीवरच्या दगडी घरात राही. म्हणून जवळजवळ प्रत्येक टेकडीवर एक घर, आणि त्या घरापर्यंत बैलगाडीपुरता रस्ता. चुनखडीचा दगड जवळच मिळे, तोच फोडून पसरला जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण माणसे कारखान्यांकडे गेली, 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले आणि हजारो घरे ओस पडली. ज्या रस्त्यांवर माणूसच राहिला नाही त्यांवर डांबर घालायला पैसा कोण देणार? आज पर्यटकांना मोहवणारे हे रस्ते उजाड झालेल्या खेड्यांमुळे वाचले. त्यांचे कौतुक करताना हे ध्यानात ठेवायला हवे.

किल्ल्यांचा इतिहास याहून जुना आहे. फ्लॉरेन्स आणि सिएना ही दोन नगरराज्ये मध्ययुगात तीनशेहून अधिक वर्षे एकमेकांच्या उरावर बसली होती, आणि त्यांची सरहद्द कियांतीतून जात होती. सह्याद्रीतले गिरिदुर्ग मनात ठेवून इथे येणाऱ्याला हे किल्ले लहान वाटतील. बहुतेक ठिकाणी तटबंदीने वेढलेला जमीनदाराचा वाडा, एखादा बुरूज आणि पायथ्याशी द्राक्षमळा, एवढाच पसारा. गायोले या गावाभोवती मेलेतो, स्पालतेन्ना, बार्बिस्क्यो, व्हेर्तिने अशी तटबंदीची ठाणी हाकेच्या अंतरावर आहेत. गायोले स्वतः मात्र किल्ला नव्हे. टेकड्यांवरच्या लोकांनी खाली उतरून बाजार भरवायचा, अशी ती खोलगटातली जागा होती, आणि अजूनही सायकलवाल्यांचा मुक्काम तिथेच पडतो.

या सगळ्यांत ब्रोल्योचा किल्ला वेगळा. रिकासोली घराण्याकडे तो 1141 पासून आहे. सरहद्दीवर असल्याने तो अनेकदा पडला, जळला आणि पुन्हा बांधला गेला. याच घराण्यातले बेत्तिनो रिकासोली हे संयुक्त इटलीचे दुसरे पंतप्रधान. कियांती वाइनमध्ये कोणती द्राक्षे असावीत याचे सूत्र त्यांनी 1872 मध्ये इथूनच मांडले. सिएना शहराच्या वायव्येला सिएनाने 1213 ते 1219 या काळात उभारलेले मोंतेरिज्जोनी हे चौदा बुरुजांचे गोल तटबंदीचे गाव आहे. 1554 मध्ये ते लढाईने नव्हे, तर आतल्या सरदाराच्या फितुरीने फ्लॉरेन्सच्या हाती गेले. पुढच्याच वर्षी सिएना पडले, तेव्हा तिथले नागरिक मोंताल्चिनोच्या किल्ल्यात गेले आणि 1559 पर्यंत त्यांनी आपले प्रजासत्ताक तिथून चालवले. मोंताल्चिनोचा चढ चढून आल्यावर त्या तटाखाली टेकून बसणाऱ्याने हा इतिहास जाणून असावे. त्या चढाची किंमत मग जास्त कळते. जवळच्या बुओनकोनव्हेंतोला चौदाव्या शतकातला विटांचा तट आहे. पवित्र रोमन सम्राट सातवा हेन्री 1313 मध्ये तिथेच मरण पावला.

खडीवर सायकल चालवण्याचे तंत्र डांबरापेक्षा निराळे असते. कोरड्या दिवसांत गाड्यांच्या चाकांनी दाबून निघालेले दोन पट्टे घट्ट असतात, तर मधोमध आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला सुटी खडी साचते. चाक त्या खडीत गेले की घसरलेच. चढावर सीटवरून उठून जोर लावला तर मागचे चाक जागच्या जागी फिरते, म्हणून कितीही दम लागला तरी बसूनच पेडल मारावे लागते. उतारावर पुढचा ब्रेक हलक्या हाताने, तोही वळण येण्याआधी. उतारांवर आडव्या बारीक लाटा तयार झालेल्या असतात. त्यांवरून जाताना हँडल आवळून धरले तर मनगटे बधिर होतात आणि सैल सोडले तर सायकल भलतीकडे जाते. पाऊस पडला की क्रेतेमधली माती राखाडी लगदा होऊन ब्रेक आणि चेनमध्ये भरते. 2010 च्या जिरो द’इतालिया या इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीत मोंताल्चिनोचा टप्पा अशाच पावसात झाला. विश्वविजेत्याची इंद्रधनुषी जर्सी घातलेला ऑस्ट्रेलियाचा कॅडेल इव्हान्स तो जिंकला, पण अंतिम रेषेवर त्या जर्सीचे रंग ओळखू येत नव्हते.

1990 च्या दशकात या रस्त्यांवर डांबर घालण्याचा रेटा वाढत होता. गायोलेचे जानकार्लो ब्रोच्ची यांनी 1997 मध्ये ‘लेरोइका’ ही फेरी सुरू केली ती जुन्या सायकलिंगच्या प्रेमापोटी आणि हे रस्ते राखण्यासाठी. पहिल्या वर्षी 92 जण आले. आता ऑक्टोबरच्या सुरुवातीला हजारो लोक येतात. सायकल 1987 किंवा त्याआधीची हवी, गिअरचे दांडे फ्रेमच्या खालच्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलबाहेर मोकळ्या, आणि पेडलला पट्ट्याचे पिंजरे, असा नियम आहे. लोक लोकरी जर्सी घालून, जादा टायर खांद्यावरून आडवा गुंडाळून निघतात. लांब मार्ग सुमारे 209 किलोमीटरचा, त्यातला निम्म्याहून अधिक खडीचा, आणि त्यासाठी अंधारातच निघावे लागते. ब्रोल्योकडे चढणाऱ्या सायप्रसच्या झाडांच्या रस्त्यावर तेव्हा दोन्ही बाजूंना दिवे लावलेले असतात. थांब्यांवर ब्रेड आणि भाज्यांचे घट्ट रिबोल्लिता सूप, सलामी आणि वाइन मिळते. वेळेची स्पर्धा नसते. वारसा कसा जपावा, याचे हे उत्तर फार मोलाचे आहे. रस्ता वापरात ठेवूनच तो राखला गेला.

व्यावसायिक शर्यत याच फेरीतून निघाली. ऑक्टोबर 2007 मध्ये गायोले ते सिएना अशी ती पहिल्यांदा झाली आणि रशियाच्या अलेक्सांद्र कोलोबनेवने जिंकली. पुढच्या वर्षापासून ती मार्चमध्ये होऊ लागली. महिलांची शर्यत 2015 पासून होते. स्वित्झर्लंडच्या फाबियान कान्चेल्लाराने 2008, 2012 आणि 2016 अशी तीनदा पुरुषांची शर्यत जिंकल्यावर मोंते सान्ते मारियेच्या साडेअकरा किलोमीटरच्या खडीच्या टप्प्याला त्याचे नाव देण्यात आले. 2024 मध्ये स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार याच टप्प्यावर पुढे सटकला आणि उरलेले 81 किलोमीटर एकटाच चालवत आला. 2025 मध्ये तो वाटेत जोरात आपटला, अंग सोलवटले, तरी जिंकला.

शेवट मात्र दरवर्षी सारखाच असतो. ले तोल्फेचा 18 टक्क्यांपर्यंत जाणारा छोटा चढ पार झाला की सिएनाच्या वेशीतून आत शिरून सांता कातेरिना ही फरसबंद अरुंद गल्ली लागते. तिचा चढ 16 टक्क्यांपर्यंत जातो. ती संपली की दोन-तीन वळणे, आणि खाली पियाझ्झा देल काम्पो. जुलै-ऑगस्टमध्ये घोड्यांची पालिओ शर्यत होते तोच हा शिंपल्याच्या आकाराचा चौक. गल्लीच्या माथ्यावर जो पहिला पोहोचतो, तोच सहसा जिंकतो, कारण त्यापुढे मागे टाकायला जागाच उरत नाही. 2023 मध्ये महिलांच्या शर्यतीत डेमी व्होलरिंग आणि लोटे कोपेकी या एकाच संघातल्या दोघी चौकात जोडीने उतरल्या आणि रेषेवर व्होलरिंग अगदी थोडक्यात पुढे निघाली.

लेरोइकाचा मार्ग आता कायमचा आखलेला आहे. वाटेवर तपकिरी पाट्या आहेत, त्यामुळे कोणीही वर्षभर केव्हाही तो चालवू शकतो. घाई नसेल तर तीन-चार दिवसांत वाटून घेणे उत्तम. एप्रिल ते जूनची सुरुवात आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे चांगले महिने. जुलै-ऑगस्टमध्ये क्रेतेत सावलीला झाड मिळत नाही. टायर निदान 32 मिलिमीटर रुंदीचा आणि गिअर जितका हलका मिळेल तितका घ्यावा. गावांच्या चौकात पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, पण क्रेतेमधल्या आशानो गावाच्या आसपास दोन गावांमधले अंतर वाढते, तेव्हा दोन्ही बाटल्या भरून निघावे.